‘पोलिसात जाऊ नका, खर्च मी बघतो’ म्हणणारा आता फोन उचलत नाही: जखमीच्या घरच्यांनी पुढे काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं काही समजण्यात चुकलं असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. तुमचा 34 वर्षांचा भाऊ नाशिकला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. संगमनेरजवळ त्याच्या मोटारसायकलला मागून कारने धडक दिली. उजव्या नडगीचं हाड मोडलं, प्लेट टाकावी लागली. कारवाल्याने स्वतः दवाखान्यात नेलं, 40,000 रुपये भरले, आणि ‘पोलिसात जाऊ नका, सगळा खर्च मी देतो’ असा शब्द दिला. तुम्ही तो मानला. तीन आठवडे झाले, बिल अडीच लाखांच्या वर गेलं आणि आता तो फोन घेत नाही. भावाने हेल्मेट घातलं नव्हतं, उत्पन्नाचा कागद नाही. तुम्ही विचारताय की उशीर झाला का, आणि भरपाई किती मिळेल.

उशीर झालेला नाही, पण आणखी थांबायला वाव नाही. किती मिळेल ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, त्याचा हिशोब पुढे करून दाखवतो. मोटार अपघाताचे दावे चालवणारा वकील म्हणून मला त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: धडक याच कारने दिली आणि पाय त्यातच मोडला, हे आज कोणत्या कागदावर लिहिलेलं आहे? तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी कुठेच नाही. पुढचे काही दिवस याच एका कामावर घालवा.

कारवाल्याच्या शब्दाबद्दल आधी बोलतो, कारण तुमची सगळी चीड त्याच्यावर आहे आणि ती साहजिक आहे. पण भरपाई त्याच्या खिशातून येणार नसते. प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, आणि जखमी किंवा मृत व्यक्तीच्या भरपाईसाठी त्या पॉलिसीत रकमेची मर्यादा नसते. म्हणजे पैसे द्यायचे विमा कंपनीने. कंपनी देणार ती पोलिसांचे कागद आणि न्यायाधिकरणाचा, म्हणजे अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाचा, निवाडा बघून. ‘तक्रार करू नका’ म्हणणारा माणूस तुमचा हा रस्ता बंद करतोच, शिवाय स्वतःचंही नुकसान करून घेतो. अपघात पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे चालकाचं कर्तव्य आहे. कार विमा उतरवलेली असताना तो घाबरून लपवत असेल, तर त्याला हे शांतपणे कळवा. बऱ्याच जणांना खरोखरच माहीत नसतं.

पहिला कागद दवाखान्यातला

दवाखान्यात जाऊन केसपेपरची पूर्ण प्रत मागा. डिस्चार्ज कार्डवर समाधान मानू नका. भरती करताना कॅज्युअल्टीत लिहिला गेलेला अगदी पहिला कागद बघा. त्यावर ‘हिस्ट्री’ अशी एक ओळ असते, म्हणजे दुखापत कशी झाली हे आणणाऱ्याने जे सांगितलं ते. ड्युटीवरचा डॉक्टर घाईत असतो, जखमी कण्हत असतो, आणि खिडकीपाशी बोलतो तो आणणारा. तुमच्या बाबतीत आणणारा कारवालाच होता. त्या ओळीत ‘गाडी घसरून पडला’ असं लिहिलेलं निघालं तर मला नवल वाटणार नाही. दोन वर्षांनी विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत हाच कागद भावाच्या हातात देतात आणि विचारतात, ‘इथे कारचा उल्लेख दाखवा.’

ओळ बरोबर असेल, म्हणजे ‘आरटीए’ (रस्ते अपघात) किंवा ‘कारची धडक’ असं काही असेल, तर प्रत घ्या आणि निश्चिंत व्हा. चुकीची असेल तर डॉक्टरांना ती खोडून नव्याने लिहायला सांगू नका. खाडाखोड केलेला कागद चुकीच्या कागदापेक्षा वाईट. त्याऐवजी दवाखान्याला साधा अर्ज द्या: भरतीच्या वेळी माहिती अमुक व्यक्तीने दिली, तोच धडक देणाऱ्या कारचा चालक होता, प्रत्यक्षात घटना अशी घडली. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. हीच गोष्ट पोलिसांपुढच्या जबाबातही येऊ द्या. दवाखान्याने एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून नोंद, केली होती का, पोलिसांना कळवलं होतं का, हेही विचारा. केली असेल तर तिचा नंबर घ्या, तारखेच्या दृष्टीने तो तुमच्या फार कामाचा आहे.

त्याने भरलेले 40,000

तुम्ही लिहिलंय की ‘चाळीस हजार देऊन त्याने आम्हाला गप्प केलं’. मला मात्र ते पैसे तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा वाटतात. काहीही संबंध नसलेला माणूस अनोळखी जखमीचे 40,000 रुपये भरत नाही. ते कसे भरले ते शोधा. कार्डने किंवा यूपीआयने भरले असतील तर दवाखान्याच्या बिलिंग खिडकीवर त्याची नोंद असेल. रोख भरले असतील तर पावतीवर ‘भरणाऱ्याचं नाव’ बघा. त्याचे व्हॉट्सॲप मेसेज, ‘दादा कसे आहेत’ अशी विचारपूससुद्धा, जपून ठेवा. स्क्रीनशॉट काढाच, पण मूळ चॅट पुसू नका आणि तो फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

मोटारसायकल अजून दुरुस्त केली नसेल तर तशीच ठेवा. मागचं मडगार्ड, टेल लाईट, नंबर प्लेट कशी वाकली आहे त्यावरून धडक मागून बसल्याचं दिसतं, आणि पंचनाम्यात ते यायला हवं. दुरुस्त करून झाली असेल तर गॅरेजवाल्याकडून बिल आणि सुटे पार्ट मागून घ्या. घटनास्थळाजवळच्या पेट्रोलपंपाचं किंवा हॉटेलचं सीसीटीव्ही चित्रण एव्हाना पुसलं गेलं असण्याची शक्यता आहे, तरी आजच लेखी विचारणा करा.

पोलिसांकडे

फिर्याद भावानेच द्यावी असं नाही, तुम्हीही देऊ शकता. भाऊ घरी झोपून असेल तर पोलीस घरी येऊन जबाब घेऊ शकतात. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, पण मी तुम्हाला घटनास्थळ ज्या ठाण्याच्या हद्दीत येतं तिथेच जायला सांगेन, कारण पंचनामा तेच करणार आणि कागद इकडून तिकडे जाण्यात तुमचे दिवस जातात. निष्काळजीपणे वाहन चालवून गंभीर दुखापत केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेची कलमं 281 आणि 125 लागतात. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच आहे.

फिर्यादीत तारीख, वेळ, जागेची ओळखता येईल अशी खूण, दोन्ही गाड्या कोणत्या दिशेने जात होत्या, कारचा नंबर, चालकाचं नाव, आणि उशिराचं कारण लिहा. कारण जे आहे तेच लिहा: शस्त्रक्रियेची धावपळ होती, समोरच्याने खर्च देण्याचं कबूल केलं होतं, आता तो टाळतोय. नुसत्या उशिरामुळे खरा दावा खोटा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. अपघातात सापडलेलं कुटुंब आधी माणसाला वाचवतं, ठाण्यात धावत नाही, हे न्यायालयाला कळतं. पण न दिलेलं कारण न्यायालय स्वतःहून शोधत बसत नाही. आणि जे पाहिलं नाही ते लिहू नका. ‘कार 120 च्या वेगात होती’ हे वाक्य बऱ्याच फिर्यादींत असतं, मागून धडक बसलेल्या माणसाला तो वेग कसा कळला, याचं उत्तर मग कुणाकडे नसतं.

ठाण्यात टाळाटाळ झाली तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. त्यानेही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. सहसा अधीक्षकांकडे अर्ज गेल्यावर काम हलतं.

2022 पासूनच्या नियमांप्रमाणे तपासी अंमलदाराने 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. न्यायाधिकरण हा अहवालच दावा म्हणून दाखल करून घेऊ शकतं. नियम चांगला आहे, पण त्याची अंमलबजावणी ठाण्यागणिक बदलते. तुमच्या प्रकरणात तर गुन्हाच उशिरा नोंदला जाणार. म्हणून अहवालाची वाट बघत बसू नका, स्वतःचा दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली स्वतंत्र दाखल करा. त्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या निकालाच्या भरवशावर कुणी राहू नये. दावा संगमनेरच्या बाजूलाच लावायला हवा असं नाही. जखमी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो, म्हणजे नाशिकला.

किती मिळेल

दवाखान्याची, औषधांची, फिजिओथेरपीची बिलं, येण्याजाण्याचा खर्च, घरी माणूस ठेवला असेल तर त्याचा पगार, पुढे प्लेट काढायची शस्त्रक्रिया, कामावर जाता आलं नाही त्या महिन्यांचं उत्पन्न, आणि वेदनांबद्दलची रक्कम, हे सगळं मागता येतं. मेडिक्लेम असेल तर मूळ बिलं त्या कंपनीला देण्याआधी प्रत्येक पानाची प्रत काढा. मेडिक्लेममधून मिळालेले पैसे अपघात भरपाईतून वजा करायचे नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2025 मध्ये दिला आहे.

पण मोठा आकडा येतो तो कायमच्या अपंगत्वातून. वर्षाचं उत्पन्न, त्यात भविष्यातली वाढ (स्वतःचा धंदा करणारा 40 वर्षांच्या आतला असेल तर 40 टक्के), मग वयाप्रमाणे ठरलेला गुणक (31 ते 35 वयासाठी 16), आणि कमाईच्या क्षमतेत जितके टक्के घट झाली तितके त्याचे टक्के. समजा, भावाचं उत्पन्न महिन्याला 20,000 धरलं आणि क्षमतेतली घट 15 टक्के मानली. वर्षाचे 2,40,000, वाढ धरून 3,36,000, त्याचे 16 पट 53,76,000, आणि त्याचे 15 टक्के म्हणजे 8,06,400 रुपये. उपचारांचा खर्च वेगळा. आता कागद नाहीत म्हणून न्यायाधिकरणाने उत्पन्न 12,000 धरलं, तर हाच आकडा 4,83,840 होतो. हे आकडे फक्त हिशोब कसा चालतो ते समजण्यासाठी आहेत. हाड पूर्ण आणि सरळ जुळलं, चालण्याबसण्यात काही कमी राहिली नाही, तर हा भाग अगदी लहान होईल किंवा नसेलही, आणि तसंच व्हावं.

या 15 टक्क्यांवर खरी लढत होते. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मंडळाच्या दाखल्यावर ‘उजव्या पायाचं 30 टक्के’ असं लिहिलेलं असू शकतं. ते पायाचं अपंगत्व झालं, कमाईचं नव्हे. टेबलावर बसून काम करणाऱ्याची कमाई त्याने फारशी घटत नाही. फॅब्रिकेशनवाल्याचं तसं नसतं. तुमचा भाऊ जमिनीवर ग्रिल ठेवून उकिडवं बसून वेल्डिंग करतो, अँगल आणि पाइप खांद्यावरून उचलतो, शिडीवर चढून शेड बसवतो. गुडघा आणि घोटा पूर्ण वाकत नसेल तर यातलं त्याला काय जमतं? 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच बघायला सांगितलं आहे: आधी तो कोणतं काम करत होता, आता त्यातलं काय करू शकतो. हे न्यायाधीशांना आपोआप दिसत नाही. वर्कशॉपचे, कामाचे जुने फोटो काढून ठेवा. आता उकिडवं बसायच्या कामाला मदतनीस ठेवला असेल तर त्याचा पगार बँकेतून द्या. ज्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली त्यांची साक्ष व्हावी असा आग्रह तुमच्या वकिलांकडे धरा, नुसता दाखला पुरत नाही. दाखला काढायची घाईही नको. हाड जुळून, व्यायाम होऊन सुधारणा थांबली की मगच खरी टक्केवारी कळते.

उत्पन्नाचा कागद नाही असं तुम्ही म्हणता, पण धंदा चालतो तिथे कागद असतोच. लोखंडवाल्याची खरेदीची बिलं, ग्राहकांना दिलेली कोटेशन, यूपीआयचे व्यवहार, गाळ्याचा भाडेकरार, व्यावसायिक वीज मीटरचं बिल, उद्यम नोंदणी, वेल्डिंग मशीनसाठी घेतलेलं कर्ज. अपघातापूर्वीच्या तारखेचा असा एकेक कागद फाइलमध्ये लावा. अपघातानंतर घाईने भरलेलं मागच्या वर्षांचं आयकर विवरणपत्र, किंवा ओळखीच्या माणसाकडून आणलेला ‘महिना 40,000 कमावतो’ हा दाखला, यांनी फायदा न होता बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो.

हेल्मेटचं मनावर घेऊ नका. हेल्मेट न घालणं हा नियमभंग आहे आणि पुढे तसं करू नये, पण नडगीच्या फ्रॅक्चरशी त्याचा काय संबंध? नियम मोडल्यामुळे अपघात घडला किंवा तीच दुखापत वाढली असं दाखवता आलं, तरच जखमीच्या वाट्याला दोष येतो. मार डोक्याला असता तर मी तुम्हाला वेगळं सांगितलं असतं.

कारला विमा नसेल तर

गाडीच्या नंबरवरून एमपरिवहन ॲपमध्ये विमा चालू आहे का ते आजच बघा. नसेल तर मालक स्वतः जबाबदार, आणि वसुली लांबते. तेव्हा गाडी पोलिसांच्या ताब्यात असतानाच तुमच्या वकिलांना न्यायालयात हालचाल करायला सांगा. चालकाकडे वैध परवाना नव्हता असं निघालं तर घाबरू नका, बहुतेक वेळा न्यायालय कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. धडक देणारं वाहन सापडलंच नाही तर कलम 161 खाली गंभीर दुखापतीला 50,000 आणि मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात. आणि मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात अपघातापासून 7 दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोकडविरहित मिळू शकतात. भरती करतानाच ‘अपघाताची योजना लागू करा’ असं सांगायला हवं. या ताईंच्या बाबतीत ते दिवस निघून गेले.

वकील आणि तडजोड

दवाखान्याच्या दारात भेटून ‘मिळेल त्यातले अमुक टक्के आमचे’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. टक्केवारीवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. फी आधी ठरवा, पावती घ्या. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कमी उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तिथे भावाच्या वतीने चौकशी करा.

लोकअदालतीत तडजोड करणं वाईट नाही. पैसे लवकर मिळतात, आणि लांबलेल्या दाव्यात व्याज धरूनही हातात तेवढंच पडतं असं कधी कधी होतं. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. म्हणून पायाची अंतिम स्थिती कळण्याआधी, प्लेट काढायची आहे की नाही हे ठरण्याआधी तडजोडीच्या पुरशीसवर (न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करू देऊ नका.

कारवाला कधीतरी पुन्हा येईल, बहुधा पोलिसांचा फोन गेल्यावर. त्याच्याशी भांडू नका. विम्याची आणि आरसीची प्रत मागा. तो आणखी पैसे देत असेल तर घ्या, पण बँकेतून, आणि ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहिलेल्या स्टॅम्प पेपरवर सही न करता. आधीचे 40,000 तर दाव्यात स्वतःहून नमूद करा. तुम्ही लपवलेली रक्कम त्याच्या वकिलांनी उघड केली तर भावाच्या बाकीच्या साक्षीवरही शंका घेतली जाते. तुम्हीच सांगितली तर कारवाल्याने पहिल्या दिवसापासून जबाबदारी मान्य केली होती, हे दाव्याच्या पहिल्या पानावर येतं.